गेल्या वर्षी किती घेतले?

२००९ साली एका तालुक्याच्या गावी आयटीआयची नवी कार्यशाळा बांधून झाली. भिंतींना पिवळा रंग, वर पत्रा, खाली सिमेंटचा कोबा आणि त्यावर रांगेत मांडलेली सहा लेथ मशिनं. ती मशिनं पुढे चौदा महिने तशीच उभी राहिली. बेडवर लावलेलं ग्रीस धुळीनं काळं पडलं. एका चकवर कुणीतरी पोतं टाकून ठेवलं होतं. लेथला थ्री फेज लागते. गावच्या डीपीवर तेवढा भार चालण्यासारखा नव्हता. नवी डीपी बसवायची तर कोटेशन भरावं लागणार होतं आणि त्या कोटेशनची रक्कम अंदाजपत्रकात धरलेलीच नव्हती. ते अंदाजपत्रक मी केलं होतं.

टर्नरच्या पहिल्या तुकडीतली मुलं वर्षभर व्हाइसवर लोखंडाचे तुकडे घासत राहिली. कानशीला वीज लागत नाही. एकदा मी तपासणीला गेलो, तेव्हा एका मुलानं विचारलं, "सर, मशीन कवा चालू हुणार?" मी म्हणालो, पुढच्या महिन्यात. पुढच्या खेपेला तो दिसला नाही. निदेशक म्हणाले, त्याचा मामा कागलला एका वर्कशॉपमध्ये आहे, तिकडे गेला. तिथं निदान लेथ फिरते तरी. ते ऐकल्यावर मी ऑफिसात न बसता पुन्हा कार्यशाळेत गेलो आणि बराच वेळ त्या मशिनांपाशी उभा राहिलो.

मी १९९० मध्ये फिटर व्यवसायाचा शिल्प निदेशक म्हणून लागलो. मुंबईत चुनाभट्टीच्या एटीआयमध्ये, म्हणजे केंद्राच्या प्रगत प्रशिक्षण संस्थेत, निदेशकाचं प्रशिक्षण घेतलं. मग गटनिदेशक, प्राचार्य अशा पायऱ्या चढत गेलो आणि नोकरीची शेवटची बारा-पंधरा वर्षं नियोजनाच्या टेबलावर काढली. कुठे संस्था काढायची, कुठल्या व्यवसायाची तुकडी वाढवायची, कुठली बंद करायची, याचे प्रस्ताव करणं हे माझं काम. बाहेरच्या माणसाला हे कागदी काम वाटतं. पण एका तुकडीत वीस-एकवीस मुलं असतात, आणि दहावी झालेल्या मुलाची दोन वर्षं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी असा मुलगा आहे त्याला विचारावं.

आपल्याकडे शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली केंद्र सरकारनं सुरू केली आणि १९५६ पासून संस्थांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. महाराष्ट्रात आज चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. खासगी संस्था वेगळ्याच. राज्यात ३५८ तालुके, आणि प्रत्येक तालुक्यात निदान एक शासकीय आयटीआय असावी हे धोरण. हे धोरण मला आजही योग्य वाटतं. ज्या घरातून मूल पुण्याला पाठवणं शक्य नाही, त्या घराला तालुक्याचीच संस्था परवडते. पण तालुक्यात संस्था असणं आणि तालुक्यात कारखाना असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या नोकरीतला बराचसा झगडा या दोहोंच्या मधल्या जागेत झाला.

सुरुवातीला मागणी शोधण्याची आमची रीत एकच होती. एक तक्ता छापायचा, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना पाठवायचा. डावीकडे व्यवसायांची नावं: फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन. उजवीकडे रिकामा रकाना: 'पुढील तीन वर्षांत लागणारे मनुष्यबळ'. तक्ते भरून येत. फिटर पंचवीस, वेल्डर तीस, इलेक्ट्रिशियन वीस. आम्ही बेरीज करायचो, आकडा मोठा यायचा, प्रस्ताव मंजूर व्हायचा.

अशाच बेरजेवर एका ठिकाणी वेल्डरच्या दोन तुकड्या वाढवल्या. वर्षाचा अभ्यासक्रम, मुलं पास झाली. मी तेच भरलेले तक्ते काढून त्या कारखान्यांना फोन लावले. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळालं: "सध्या भरती नाही. ठेकेदाराकडे पाठवा." ठेकेदार देत होता तो रोज आणि त्याच फाटकाबाहेर बिनशिक्षित हेल्परला मिळणारा रोज यांत फारसा फरक नव्हता. एका वडिलांनी मला विचारलं, मग वर्ष कशाला घालवलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कारखानदार खोटं बोलले होते असं मी म्हणणार नाही. रिकाम्या रकान्यात आकडा लिहायला काही पडत नाही, आणि आकडा मोठा लिहिला तर वसाहतीजवळ जास्त मुलं शिकून तयार राहतील, एवढाच त्यांचा विचार. चूक प्रश्नात होती. पुढे काय लागेल हे आम्ही विचारत होतो, आणि पुढचं कुणालाच माहीत नसतं.

प्रश्न बदलला तो एका लहान कारखानदारामुळे. पस्तीस-चाळीस कामगारांचं मशीन शॉप. तक्ता घेऊन मी स्वतः गेलो होतो. त्यांनी तो बाजूला सारला आणि म्हणाले, "हे नका विचारू. गेल्या वर्षी किती घेतले ते विचारा." कपाटातून मस्टर काढलं. वर्षभरात अकरा मुलं घेतली होती. त्यातली चार उरली होती. बाकीच्या सातांच्या नावांवरून त्यांनी बोट फिरवत एकेकाचं सांगितलं. हा दिवाळीला गावी गेला, आला नाही. याला चाकणला जास्त पगार मिळाला. याला मायक्रोमीटर वाचता येत नव्हता, दोनदा माल परत आला. याला रात्रपाळीला यायला गाडी नव्हती. हा चांगला होता, पण मीच पगार वाढवला नाही, चुकलं माझं.

त्या एका मस्टरमधून मला जे कळलं ते दोनशे तक्त्यांमधून कळलं नव्हतं. सात मुलं गेली, त्यातला एकच गेला तो कौशल्य कमी पडलं म्हणून. बाकीच्यांना आणखी सहा महिने शिकवलं असतं तरी ते थांबले नसते. तेव्हापासून मी कुठल्याही कारखान्यात गेलो की आधी हेच विचारायचो: गेल्या वर्षी किती घेतले, काय पगारावर, आणि आज त्यातले किती आहेत. ज्यांना मस्टर दाखवायचं नव्हतं त्यांनी नाही दाखवलं. पण ज्यांनी दाखवलं त्यांच्याशी पुढे वर्षानुवर्षं संबंध राहिले.

कोल्हापूरच्या फौंड्र्यांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण नियोजन म्हणजे काय ते मी तिथे शिकलो.

कोल्हापूरची इंजिनिअरिंगची परंपरा शेतीच्या पाण्यातून आणि गुऱ्हाळातून आली. ऑइल इंजिनं बनू लागली, इंजिनाला ओतीव भाग लागतात म्हणून फौंड्र्या आल्या, ओतीव भागाला मशीनिंग लागतं म्हणून मशीन शॉप आली. शिवाजी उद्यमनगरात सुरू झालेलं हे काम पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीत पसरलं. आज तिथून ट्रॅक्टर आणि मोटारींच्या कंपन्यांना कास्टिंग जातं. या गावात हुनर शिकण्याची पद्धत जुनी: मिस्त्रीच्या हाताखाली पोरगा ठेवायचा. आयटीआय त्यानंतर आली.

फौंड्रीवाल्यांची तक्रार कायमची होती: माणसं मिळत नाहीत. म्हणून फौंड्रीची तुकडी काढा, असा आग्रह. तुकडी काढली की तिला मुलं मिळत नसत. प्रवेशाच्या पहिल्या फेरीत इलेक्ट्रिशियन आणि फिटर भरायचे, फौंड्रीच्या जागा शेवटपर्यंत रिकाम्या. मुलांना दोष देणं सोपं होतं आणि सभेत दिलाही जात असे: आजकालच्या पोरांना घाम नको. मी एका फौंड्रीच्या मालकांना म्हटलं, मला तीन दिवस आत हिंडू द्या, कुणाला काही विचारणार नाही, नुसतं बघतो.

पहिल्या दिवशी भट्टीपाशीच गेलो. इंडक्शन फर्नेसमधून लॅडलमध्ये रस घेतला की तो चौदाशे अंशांच्या आसपास असतो, आणि तो साच्यात ओतायला फार वेळ मिळत नाही. तिथं उभ्या असलेल्या माणसांमध्ये जिल्ह्यातलं कुणीच नव्हतं. बिहार आणि ओडिशाकडची मंडळी, सगळी ठेक्यावर. फेटलिंगला, म्हणजे कास्टिंगच्या कडा घासण्याच्या कामालाही तेच. त्या जागा आमच्या अभ्यासक्रमानं भरणार नव्हत्या. धूळ, उष्णता आणि रोज या तीन गोष्टी बदलल्याशिवाय तिथे दहावी पास मुलगा टिकणार नव्हता, आणि त्या बदलणं आयटीआयच्या हातात नव्हतं. हे मी मालकांना स्पष्ट सांगितलं. त्यांना आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाळूपाशी बसलो. ग्रीन सँड म्हणजे वाळू, बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि पाणी. पाणी तीन-चार टक्क्यांच्या घरात राहायला हवं. तिथले एक जुने मोल्डर, साठीला आलेले, पट्ट्यावरून येणारी वाळू मुठीत दाबायचे, मूठ उघडायचे, तयार झालेला गोळा दोन बोटांनी मोडायचे आणि मोडलेली कड बघायचे. एकदा त्यांनी मूठ उघडली, गोळा न मोडता माझ्या हातावर ठेवला. "हिला पाणी जास्त झालंय बघा. आता ह्या साच्यात रस वतला की भोकं पडणार." त्यांनी वर कुणाला सांगितलं नाही, कारण वाळूच्या प्लँटवर त्या वेळी कुणी नव्हतंच. पाण्याचा व्हॉल्व्ह अडकत होता, तो दुरुस्त करणारा माणूस दुसऱ्या शेडमध्ये कन्व्हेअरवर होता. त्या पाळीतला बराच माल ब्लो होलमुळे रिजेक्ट झाला. रिजेक्ट झालेलं कास्टिंग पुन्हा भट्टीत जातं. लोखंड परत मिळतं. वीज, मजुरी आणि वेळ परत मिळत नाही.

तिसऱ्या दिवशी मालकांसमोर बसलो आणि विचारलं, ही भोकं दर महिन्याला तुमचं किती खातात? त्यांनी सांगितलेला आकडा चांगल्या दोन कामगारांच्या वर्षाच्या पगाराहून मोठा होता. मी म्हटलं, मग तुम्हाला मोल्डर नाही, वाळूचा प्लँट चालता ठेवणारा माणूस हवाय. ज्याला व्हॉल्व्ह, कन्व्हेअर, हायड्रॉलिक आणि सेन्सर समजतात, आणि ज्याला वाळूच्या प्रयोगशाळेतला ओलाव्याचा आकडा वाचून काय करायचं ते कळतं. अशा मुलाला तुम्ही काय पगार द्याल? त्यांनी जो पगार सांगितला, त्यावर मुलं थांबतील हे मला तिथेच कळलं.

आम्ही फौंड्रीची तुकडी वाढवली नाही. फिटर आणि इलेक्ट्रिशियनच्या मुलांना दुसऱ्या वर्षात काही आठवडे वाळूच्या प्लँटवर आणि भट्टीच्या देखभालीवर पाठवायला सुरुवात केली. जो कारखाना शिकाऊ उमेदवार म्हणून पुढे घेईल त्यालाच मुलं द्यायची, ही अट. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. आज तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि २०१६ च्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पंचवीस टक्के वाटा, महिना दीड हजारापर्यंत, सरकार उचलू लागलं. बरेच लहान कारखानदार कायद्याच्या भीतीनं हा विषय टाळायचे. विद्यावेतनाचा हिशेब त्यांच्यासमोर कागदावर मांडला की निम्मी भीती जायची.

ते मोल्डर आता नाहीत. त्यांची ती मूठ मी नंतर प्रत्येक नव्या निदेशकाला करून दाखवली. यंत्रावरचा आकडा खरा की खोटा हे हाताला आधी कळावं, असं मला वाटतं.

पुढे 'डॅकम' नावाची पद्धत आमच्या वाचनात आली. साठच्या दशकात कॅनडात ती विकसित झाली. तिचं म्हणणं साधं: एखाद्या कामाचा अभ्यासक्रम करायचा तर ते काम उत्तम करणाऱ्या आठ-दहा माणसांना एका खोलीत बसवा, आणि ते दिवसभर नेमकं काय करतात ते त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच शब्दांत भिंतीवर लावा. व्यवस्थापक नकोत, प्राध्यापक नकोत. आम्ही मेंटेनन्सच्या कामासाठी ती करून पाहिली. निरनिराळ्या कारखान्यांतले आठ जण दोन दिवस बसले. एका कंपनीच्या एचआर अधिकाऱ्यांना आत बसायचं होतं. त्यांना नम्रपणे प्राचार्यांच्या खोलीत बसवलं. ते आत असते तर आठ जण त्यांच्या तोंडाकडे बघत बोलले असते.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सगळे पुस्तकातलीच नावं सांगत होते: बेअरिंग बदलणे, अलाइनमेंट करणे. मग एकानं सांगितलं, "खरं सांगू का, माझा अर्धा वेळ मागच्या पाळीत काय बिघडलं होतं ते शोधण्यात जातो." खोलीत एकदम कालवा झाला. प्रत्येकाचं तेच. पाळी बदलताना पुढच्या माणसाला नीट सांगणं, रजिस्टरमध्ये दोन ओळी लिहिणं, कुठला भाग कधी बदलला त्याची नोंद ठेवणं, स्पेअर संपायच्या आत स्टोअरला कळवणं. यातलं काहीही आम्ही शिकवत नव्हतो. आमची मुलं फिटिंगचा जॉब मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत बरोबर आणायची, पण बिघाड चार ओळींत लिहून दाखव म्हटलं की पेन थांबायचं. त्या वर्षापासून आमच्या कार्यशाळेत प्रत्येक मुलानं सुटताना दुसऱ्या दिवशीच्या मुलासाठी यंत्राची नोंद लिहायची, मराठीत, स्वतःच्या शब्दांत, असा नियम केला. निदेशकांनी सुरुवातीला कुरकूर केली. पैशाचा खर्च मात्र काही नव्हता, एक वही.

त्या दोन दिवसांनंतर एक कामगार जाताना म्हणाला, अठ्ठावीस वर्षांत माझं काम काय आहे असं मला कुणी विचारलं नव्हतं. मला हे वाक्य अजून टोचतं, कारण विचारणं हे माझंच काम होतं.

मुलींबद्दल लिहिताना मन जड होतं. आयटीआयच्या तीस टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. बरीच वर्षं आम्ही त्या जागा शिवणकाम, ब्यूटी आणि कॉम्प्युटर या तीन तुकड्यांवर भागवल्या. कारखान्यांना विचारलं तर ते सांगत, क्वालिटी इन्स्पेक्शनला आणि सीएनसीवर मुली चालतील, उलट हव्या आहेत, त्यांचा हात स्थिर असतो. म्हणजे मागणी होती. मुलींची तयारीही होती. तरी एका वर्षी मशिनिस्टच्या तुकडीत एकीनंही अर्ज भरला नाही. मी दोन गावांत जाऊन पालकांना भेटलो. एका आईनं सगळं एका वाक्यात सांगितलं: "शेवटची एसटी साडेपाचला हाय, आन् तुमची शाळा सव्वापाचला सुटती." संस्था ते स्टँड हे चालत पंचवीस मिनिटांचं अंतर. दुसरी म्हणाली, वर्कशॉपजवळ बायकांचं स्वच्छतागृह नाही म्हणून मुलगी दिवसभर पाणी पीत नाही, तिच्या मैत्रिणीला त्यानं त्रास झाला.

दोन्ही गोष्टी आमच्या प्रस्तावाच्या नमुन्यात कुठेच नव्हत्या. तिथं प्रत्येक मशीनची जागा चौरस मीटरमध्ये मांडलेली होती. आम्ही मुलींच्या तुकड्यांची वेळ अर्धा तास अलीकडे आणली, आगारप्रमुखांना भेटून एक फेरी संस्थेच्या फाटकापर्यंत आणली आणि कार्यशाळेला लागून स्वच्छतागृह बांधून घेतलं. त्याचा खर्च एका साध्या लेथच्या किमतीपेक्षा कमी आला. पुढच्या वर्षी मशिनिस्टला नऊ मुली आल्या. आता मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्याचाही उपयोग होतो; पण गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचं काय करायचं?

पैशाचा काळही मी पाहिला. २००७-०८ पासून केंद्रानं देशभरातल्या १३९६ शासकीय आयटीआयसाठी उद्योगांच्या भागीदारीची योजना आणली. प्रत्येक संस्थेला अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज, परतफेडीला तीस वर्षं, त्यातली पहिली दहा वर्षं हप्ता नाही. पैसा संस्था व्यवस्थापन समितीच्या हातात, अध्यक्ष उद्योगातला, प्राचार्य सदस्य-सचिव. आम्ही लोक, ज्यांना ड्रिल बिट घ्यायलाही वर लिहावं लागायचं, त्यांना हे फार मोठं होतं. काही समित्यांनी खरोखर चांगलं काम केलं. एका समितीत मी बसत असे, तिथं मात्र पहिला निर्णय रक्कम मुदतठेवीत ठेवण्याचा झाला आणि दुसऱ्या निर्णयाला तीन वर्षं लागली. अध्यक्ष कामात असायचे, सभेला त्यांचा प्रतिनिधी यायचा, प्रतिनिधीला अधिकार नसायचा. शेवटी खरेदी झाली ती महागड्या व्हीएमसीची, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनची, कारण ती पाहुण्यांना दाखवता येते.

व्हीएमसी आली आणि ती चालवणारा निदेशक नव्हता. ही गोष्ट मी इतक्या ठिकाणी पाहिली की आता सांगतानाही थकवा येतो. यंत्राचा प्रस्ताव सहा महिन्यांत मंजूर होतो, पदाचा प्रस्ताव आकृतिबंधात अडकतो. मग तासिका तत्त्वावर कुणीतरी यायचा, दोन महिन्यांनी जास्त पगाराची नोकरी मिळाली की जायचा. त्या समितीच्या संस्थेतले एक टर्नरचे निदेशक, पन्नाशी ओलांडलेले, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत ओळखीच्या कारखान्यात जाऊन, तिथल्या बावीस वर्षांच्या ऑपरेटरशेजारी उभं राहून ती व्हीएमसी शिकून घेतली. त्या पोराला ते 'सर' म्हणायचे. त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्याचा तो धाकटा भाऊ होता. सुट्टी संपल्यावर संस्थेत आले आणि मशीनवरचं प्लॅस्टिक स्वतः काढलं. त्यांना कुठलं पारितोषिक मिळालं नाही. माझ्या मते त्या अडीच कोटींतलं सगळ्यात जास्त काम त्यांनी केलं, आणि त्यांच्या त्या पंधरा दिवसांचा खर्च योजनेत कुठेच धरलेला नव्हता.

तुकडी बंद करणं हे सगळ्यात अवघड. रेडिओ आणि टीव्ही मेकॅनिकची एक तुकडी होती. टीव्ही दुरुस्तीची दुकानं गावातून एकेक करून उठत होती, मुलं मात्र शिकत होती. बंद करण्याचा प्रस्ताव केला, तर निदेशक अस्वस्थ, स्थानिक पुढारी नाराज, आणि वर्तमानपत्रात बातमी: 'आयटीआयचा अभ्यासक्रम बंद, विद्यार्थ्यांचं नुकसान'. मी एक पाऊल मागे घेतलं आणि प्रस्ताव दोन वर्षं तसाच ठेवला. त्या दोन वर्षांत ज्या मुलांनी तिथे प्रवेश घेतला त्यांच्याबाबतीत माझ्या हातून भित्रेपणा झाला, हे मी आज कबूल करतो. नंतर त्याच निदेशकांना आम्ही इंडस्ट्रियल इलेक्ट्रॉनिक्सचं प्रशिक्षण दिलं आणि त्यांनीच नवी तुकडी उभी केली. हे पहिल्याच दिवशी त्यांच्याशी बोलून करता आलं असतं. माणसाला आधी पुढची जागा दाखवली की तो जुनी सोडतो.

इचलकरंजीतही तसंच. साधा यंत्रमाग पान्यावर चालत होता, जॉबर कानानं बिघाड ओळखायचा. रेपिअर आणि एअरजेट माग आले आणि त्याच जॉबरला पॅनेलवरचा एरर कोड वाचायची वेळ आली. तिथं नव्या पोरांइतकंच जुन्या जॉबरांना शिकवणं गरजेचं होतं. ते दिवसा येऊ शकत नव्हते आणि आमची संस्था संध्याकाळी बंद. रात्रीचा वर्ग सुरू करायला पहारेकऱ्याच्या एका पदाअभावी वर्ष गेलं.

अलीकडे मला विचारतात, विजेच्या गाड्या आल्या, इंजिनच राहिलं नाही तर कोल्हापूरच्या कास्टिंगचं काय, आणि आता कुठल्या व्यवसायाची संस्था काढायची? पुढचं मला सांगता येत नाही. एवढंच सांगतो, की इमारत चाळीस वर्षं टिकते, यंत्र पंधरा, आणि एका कंपनीची ऑर्डर कधीकधी दोन वर्षंही नाही. म्हणून एका मोठ्या कंपनीच्या शब्दावर संस्था बांधू नये, तिच्या आवारात वर्ग चालवावा. संस्थेत मात्र मोजमाप, ड्रॉइंग, वीज, देखभाल आणि नोंद लिहिणं हे पक्कं करावं. हे शिकलेला मुलगा फौंड्रीतून साखर कारखान्यात आणि तिथून दवाखान्याच्या लिफ्टच्या देखभालीला गेलेला मी पाहिला आहे.

त्या पहिल्या गावची डीपी चौदाव्या महिन्यात बसली. लेथ फिरल्या. मामाकडे गेलेल्या मुलानं पुढे स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. मी निवृत्त झालो त्या वर्षी, २०२३ मध्ये, भेटायला आला. त्याच्याकडे तीन मशिनं आहेत. मी सवयीनं विचारलं, गेल्या वर्षी किती घेतले? म्हणाला, "दोघं घेतले सर, दोघंही आहेत. आपल्याच आयटीआयचे."

ज्यांचा कारखाना आहे, लहान असो की मोठा, त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या तालुक्याच्या आयटीआयचा तक्ता टेबलावर आला तर पुढच्या तीन वर्षांचा अंदाज लिहू नका. मस्टर काढा, मागच्या वर्षी आलेल्या आणि गेलेल्या मुलांची नावं लिहा, ती का गेली ते लिहा, पगार लिहा. आणि व्यवस्थापन समितीच्या सभेला प्रतिनिधी न पाठवता स्वतः जा. सभेची तारीख प्राचार्यांना फोन केला की कळते.